फिरत्या घरावर सायकल

भिलाई हे सायकलच्या अंतरांवर वसवलेले शहर आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात 1955 साली झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला, त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले, आणि कारखान्यालगत जी वसाहत आखली गेली तिच्यातले सेक्टर, बाजार, शाळा आणि कारखान्याचे दरवाजे परस्परांपासून अशा अंतरावर पडले, की पायी जायला ते लांब वाटावेत आणि बसची वाट पाहायला जवळ. त्यामुळे पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या घरी सायकल असणे ही गृहीत धरण्याची बाब झाली. विदर्भातून येथे नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांचीही हीच रीत होती. 1956 पूर्वी हा मुलूख ज्या राज्यात मोडत होता त्याची राजधानी नागपूरच असल्याने हे येणेजाणे काही नवे नव्हते. आता तीच सायकल पाळीपेक्षा सकाळच्या व्यायामाला अधिक बाहेर पडते, आणि सुटीत डोंगरगड, कान्हा किंवा बस्तरातील चित्रकोट धबधब्याकडे निघालेल्या कुटुंबाला ती सोबत असावीशी वाटते. मात्र ती न्यायची कशी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही, आणि वेल्डिंगच्या दुकानात त्याचे जे उत्तर मिळते ते बहुधा अर्धेच असते.

कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचे राहते घर. तिचे दोन प्रकार आहेत: एक, स्वतःचे इंजिन नसलेली, मोटारीच्या मागे हुकाला जोडून ओढली जाणारी, आणि दुसरी, मोठ्या व्हॅनच्या पोटातच बिछाने, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून केलेली मोटर कॅरॅव्हॅन. युरोपात सहलीसाठी पहिला प्रकार अधिक रुळला. हौसेखातर बांधलेली पहिली कॅरॅव्हॅन म्हणून जिचे नाव घेतले जाते ती ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी ब्रिटनमध्ये विल्यम गॉर्डन स्टेबल्स या लेखकाने 1885 साली ब्रिस्टल येथे बनवून घेतली होती, आणि त्या प्रवासात त्याचा एक सेवक तिचाकी सायकलवरून पुढे जाऊन समोरून येणाऱ्यांना सावध करीत असे. म्हणजे कॅरॅव्हॅनच्या जन्मापासूनच सायकल तिच्याबरोबर आहे, फक्त तेव्हा ती स्वतःच्या चाकांवर चालत होती. भारतात दुसरा प्रकार अधिक दिसतो. फोर्स ट्रॅव्हलरसारख्या व्हॅनवर बांधलेल्या कॅरॅव्हॅन पर्यटन विभागांनी आणि खासगी सहलवाल्यांनी वापरात आणल्या, महाराष्ट्र सरकारने 2021 साली त्यांच्यासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले, आणि खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर हा वाहनांचा एक वेगळा प्रकार केंद्र सरकारच्या यादीतही आहे. तरीही कॅरॅव्हॅनसाठीचे तयार सायकल कॅरिअर आपल्याकडे सहजी मिळत नाही, मिळाले तर महाग पडते, आणि ते हलक्या गिअरवाल्या सायकलींसाठी बनवलेले असल्याने काळ्या, भक्कम, वीस-बावीस किलोच्या देशी सायकलीला ते नीट बसत नाही. तेथून घरगुती उपायांना सुरुवात होते.

हे उपाय करणारा माणूस कोऱ्या पाटीने सुरुवात करीत नाही, कारण वाहनावर सायकल लादण्याचे एक जुने शास्त्र आपल्याकडे आहे आणि ते बसच्या टपावर घडले आहे. गावोगावच्या बसचा क्लीनर मागच्या शिडीने सायकल वर चढवतो, ती उभी न ठेवता आडवी निजवतो, साखळीची बाजू वर घेतो म्हणजे चेन कव्हर दबत नाही, हँडल वळवून चाकाच्या रेषेत आणतो, खालचे पेडल टपाच्या कठड्याच्या दोन दांड्यांमध्ये अडकवतो, आणि दोर बांधताना तो चाकाच्या आऱ्यांतून न नेता फ्रेमच्या नळीवरून नेतो. यातली प्रत्येक क्रिया सकारण आहे. आडवी सायकल वाऱ्याला कमी अडते, पेडलाची खुंटी पुढेमागे सरकणे थांबवते, आणि आऱ्या ताणासाठी बनलेल्या असल्याने बाजूने दोर आवळला की त्या वाकतात आणि चाक लचकते. उत्तर भारतातील पॅसेंजर गाड्यांच्या खिडक्यांना बाहेरून दुधाच्या कॅन आणि सायकली अडकवून नेण्याची दूधवाल्यांची रीत छायाचित्रांतून अनेकांनी पाहिली असेल. तिच्यातही तत्त्व पेडलाच्या खुंटीचेच आहे, मात्र गाडीच्या अंगाबाहेर आलेली सायकल खांबाला किंवा फलाटाला लागण्याचा धोका इतका उघड आहे, की त्या रीतीतून घ्यायचे असेल तर सावधपणच घ्यावे.

टपाचा उपाय मोटर कॅरॅव्हॅनला लावता येतो, पण अशा व्हॅनची उंची आधीच अडीच मीटरच्या पुढे असते, तिच्यावर सायकल उभी केली तर एकूण उंची चार मीटरच्या आसपास जाते, आणि भिलाईसारख्या शहरात, जेथे मुंबई-हावडा लोहमार्गाने वसाहत एका बाजूला आणि जुना ग्रेट ईस्टर्न रोड दुसऱ्या बाजूला टाकला आहे, रुळांखालच्या अंडरब्रिजमधून जाताना ती उंची चालकाच्या लक्षात राहीलच याची खात्री देता येत नाही. शिवाय वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी 40 किलोमीटर वेगाला जो दाब दोराने सहज पेलला तो 80 च्या वेगाला चौपट होतो. गावच्या बसचा क्लीनर जो दोर बिनधास्त वापरतो तो महामार्गावर अपुरा पडण्याचे कारण येथे आहे. टपावर न्यायचीच असेल तर सायकल आडवी न्यावी, आणि वीस किलोचे ओझे डोक्यावरून उचलणारा माणूस घरात आहे का, हेही आधी पाहावे.

उरतात तीन जागा: मागची भिंत, पुढचा ओढदांडा आणि आतली जमीन. ओढदांडा म्हणजे ओढल्या जाणाऱ्या कॅरॅव्हॅनच्या पुढचा तो तिकोनी सांगाडा, ज्याच्या टोकाला मोटारीचा हुक बसतो. बहुतेक घरगुती कॅरिअर मागच्या भिंतीवर लावली जातात, कारण ती जागा मोकळी दिसते, आणि या विषयातली सर्वांत मोठी चूकही तेथेच होते. ती समजण्यासाठी हुकावरचा भार ही कल्पना ध्यानात घ्यावी लागते. कॅरॅव्हॅनचे जवळजवळ सगळे वजन तिच्या आसावर, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर असते, पण थोडे वजन पुढे मोटारीच्या हुकावर दाबून राहावे लागते. हा भार एकूण वजनाच्या साधारण पाच ते सात टक्के असावा असा संकेत आहे. तो कमी झाला की कॅरॅव्हॅनचे शेपूट डावीउजवीकडे हेलकावे घेऊ लागते, वेग वाढला की हेलकावेही वाढतात, आणि एका मर्यादेपलीकडे ते मोटारीलाच फिरवून टाकतात. ट्रॉलीत धानाची पोती मागच्या अंगाला जास्त रचली गेली की ट्रॅक्टरचा हुक कसा उचलला जातो हे ज्याने पाहिले आहे त्याला यात नवे काही वाटणार नाही.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होते. समजा, भरलेली कॅरॅव्हॅन 1,000 किलोची आहे, हुकावर 60 किलो भार आहे, आणि हुकापासून आसापर्यंतचे अंतर 4 मीटर आहे. दोन सायकलींचे 40 किलोचे ओझे मागच्या भिंतीवर, आसाच्या मागे अडीच मीटरवर टांगले, तर तरफेच्या नियमाने हुकावरचा भार 25 किलोने घटतो आणि 35 उरतो. टक्केवारी सहावरून साडेतीनच्या खाली येते, आणि शांतपणे चालणारी कॅरॅव्हॅन चंचल होते. तेच ओझे पुढे ओढदांड्यावर, आसापासून 3.2 मीटर अंतरावर ठेवले तर हुकावरचा भार 32 किलोने वाढून 92 होतो, जो अनेक मोटारींच्या हुकाला परवडणारा नसतो. मोटारीचे ढुंगण दबते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागते. आसाच्या नेमके वर, आत जमिनीवर ठेवले तर हुकावर काहीच परिणाम होत नाही. यात आणखी एक बाब दडलेली आहे. हेलकावा घेणाऱ्या वस्तूचे जडत्व, म्हणजे एकदा वळू लागल्यावर तिला थांबवण्यास लागणारा जोर, अंतराच्या वर्गाने वाढते. आसापासून अर्ध्या मीटरवर असलेल्या सायकलीपेक्षा अडीच मीटरवरची तीच सायकल पंचवीसपट त्रास देते. म्हणून मागे सायकल लावून पुढच्या कप्प्यात पाण्याचे डबे भरले आणि हुकावरचा आकडा जुळवला, तरी काम पूर्ण होत नाही, कारण दोन्ही टोकांना वजन ठेवलेली गाडी स्थिर असताना तोललेली दिसते पण डुलू लागली की आवरत नाही. वेल्डरला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला सायकली पडू नयेत एवढेच सांगितलेले असते.

मोटर कॅरॅव्हॅनला हुकाचा प्रश्न नसतो, तेथे मागची जागा बरीच सुरक्षित ठरते. तरी मागची भिंत नेमकी कशाची आहे, हे पाहिल्याशिवाय तिला भोक पाडू नये. कॅरॅव्हॅनच्या भिंती अनेकदा पातळ अ‍ॅल्युमिनियम किंवा फायबरचा पत्रा, मध्ये फोम आणि आतून प्लाय अशा थरांच्या असतात. त्यांत नुसता स्क्रू पिळला तर तो फोमातून उपटून येतो, आणि उपटला नाही तरी त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरून थर सुटू लागतात. बोल्ट आरपार नेऊन आतून रुंद लोखंडी पट्टी लावणे, भोकात सीलंट भरणे, आणि ओझ्याचा मुख्य भार भिंतीवर न टाकता खाली चासीवर उतरवणे ही त्यावरची खरी तोड आहे. भिंतीने फक्त सायकल मागे कलंडू न देण्याचे काम करावे.

आता लोखंडाकडे. भिलाईच्या कारखान्यातून रेल्वेचे रूळ, प्लेट, बांधकामाच्या सळ्या आणि वायर रॉड निघतात. सायकल कॅरिअरला लागणारा चौकोनी पाइप हा त्याचा माल नव्हे, पण पोलादाच्या आसपास वाढलेल्या शहरात फॅब्रिकेशनच्या दुकानांना आणि हात बसलेल्या वेल्डरांना तोटा नाही. नंदिनी रोडपासून हथखोजच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत असे काम करून मिळू शकते. गल्लीतल्या दुकानात अशा कामासाठी पटकन हाती लागतो तो 25 मिलिमीटरचा, 2 मिलिमीटर जाडीच्या भिंतीचा पाइप, कारण ग्रिल आणि गेटसाठी तोच पडलेला असतो. मीटरला तो सुमारे 1.4 किलो भरतो. साध्या बांधकामी पोलादाचा असा पाइप एका टोकाला पक्का धरून दुसऱ्या बाजूला एक मीटरवर साधारण 33 किलो वजन टांगले की तो कायमचा वाकू लागतो. त्याउलट 40 मिलिमीटरचा, 3 मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला साडेतीन किलो भरतो, म्हणजे वजन अडीचपट होते, पण तो वाकायला सुमारे 130 किलो लागतात, म्हणजे ताकद जवळजवळ चौपट. दोन देशी सायकलींचे 40 किलो ओझे चासीपासून 60 सेंटिमीटर बाहेर आले, तर पाइपाच्या मुळाशी पडणारा जोर एक मीटरवरच्या 24 किलोइतका असतो. उभ्या गाडीत बारीक पाइपही तो पेलतो आणि बनवणारा त्यावर लोंबकळून दाखवतो तेव्हा गिऱ्हाइकाचे समाधान होते. पण गतिरोधकावरून गाडी आपटते तेव्हा तोच भार दुप्पट-अडीचपट होतो, आणि 33 ची मर्यादा ओलांडली जाते. असे दोन बारीक पाइप शेजारी लावले तरी ते कसेबसे पुरतात, तर जाड पाइप एकटाच दुपटीहून अधिक राखीव ताकद ठेवतो. दुकानदाराने पुढे केलेला पाइप हातात घेऊन त्याची जाडी मोजण्यात संकोच बाळगू नये.

पाइपापेक्षाही सांधा अधिक नाजूक असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतच्या पट्ट्यातील पोलादाचे गुण बदलतात, आणि हजारो छोट्या धक्क्यांनी येणारा धातूचा थकवा, म्हणजे एका धक्क्याने न मोडणाऱ्या वस्तूला वारंवारतेने जाणारा तडा, नेमका वेल्डच्या कडेला सुरू होतो. काटकोनात जोडलेल्या दोन पाइपांच्या बेचक्यात तिकोनी जाड पत्रा बसवला की हा जोर पसरतो. जस्ताचा थर दिलेला पाइप वेल्ड करायचा असेल तर आधी सांध्याजवळचे जस्त घासून काढावे लागते. ते जळून निघणारा धूर अपायकारक असतो आणि सांधाही सच्छिद्र होतो. पाइपाची उघडी टोके बंद करून तळाला एक बारीक भोक ठेवावे, म्हणजे शिरलेले पाणी आत साचून लोखंड पोखरत नाही. रेड ऑक्साइडचा हात देऊन वर रंग मारणे हे काम सगळेच करतात, पण ग्राइंडरने घासलेल्या सांध्यावर ते उद्यावर टाकतात, आणि दमट हवेत गंज रात्रभरही थांबत नाही.

बाजारातली बरीच कॅरिअर सायकल फ्रेमच्या वरच्या दांडीला धरून टांगतात. मुलींच्या आणि लेडीज सायकलींना ती दांडी नसते, आणि छत्तीसगडमध्ये सरकारी सरस्वती सायकल योजनेतून शाळकरी मुलींना अशा सायकली मोठ्या प्रमाणावर मिळाल्या असल्याने घरोघरी त्या दिसतात. त्यांच्यासाठी टांगण्यापेक्षा चाके पन्हळीत उभी करणे बरे. अँगलचे दोन तुकडे पाठीला पाठ न लावता तोंडाला तोंड करून ठेवले की टायर बसेल अशी पन्हळ तयार होते. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचा टाकाऊ चॅनेलही काही जण वापरतात, पण देशी सायकलीच्या टायरला तो अरुंद पडतो. दोन सायकली एकमेकींच्या उलट तोंडाने लावल्या, म्हणजे एकीचे हँडल दुसरीच्या सीटकडे आले, तर दोन्ही जवळ बसतात आणि ओझे बाहेर कमी येते. व्हॅनचा सायलेन्सर कोणत्या बाजूला आहे हे पाहून त्या बाजूला टायर येणार नाही अशी रचना करावी, कारण गरम धुराने टायर आणि ट्यूब चटकन खराब होतात.

बांधण्यासाठी आपल्याकडे एक सर्वमान्य वस्तू आहे आणि तिला तोड नाही: सायकलचीच जुनी ट्यूब. ती कात्रीने लांबीच्या दिशेने चिरून दोन-तीन बोटे रुंदीची पट्टी काढतात, वॉल्व्हची जागा आणि जुनी पंक्चरे टाळतात, आणि ताणून दोन फेरे घेऊन टोक फेऱ्याखाली दाबून ठेवतात. रबर रबराला धरते, गाठीची गरज फारशी राहत नाही, आणि फ्रेमचा रंगही खरवडत नाही. तागाचा आणि सुताचा दोर पावसात आखडतो आणि वाळला की सैल पडतो, नायलॉनचा दोर मुळातच ताणला जातो, तर ट्यूबची पट्टी धक्का गिळून पुन्हा जागेवर येते. पण तिचा हा गुणच तिची मर्यादा आहे: ती सायकलला हलू देते. म्हणून मुख्य पकड लोखंडी क्लॅम्पची किंवा विणलेल्या बकलपट्ट्याची असावी आणि ट्यूबने फक्त खडखडाट थांबवावा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या या भागात उघड्यावर राहिलेली रबरपट्टी एका मोसमात तडकते, तेव्हा दर वर्षी ती बदलण्याचा खर्च जाणवण्याजोगा नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते, कारण ती कॅरिअरपेक्षा त्याच्या परिणामांकडे पाहते. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने वाहनाच्या मूळ रचनेत नोंदणीतील तपशील बदलतील असे फेरफार करण्यास मनाई आहे. म्हणून चासीला कायमचे वेल्ड केलेल्या सांगाड्यापेक्षा बोल्टने बसवून काढता येणारे कॅरिअर श्रेयस्कर. मर्यादेबाहेर मागे, पुढे वा बाजूला डोकावणाऱ्या मालासाठी 2019 च्या दुरुस्तीने 20,000 रुपये दंडाची तरतूद केली आहे. आणि मागे लटकलेल्या सायकलींनी नंबरप्लेट किंवा मागचे दिवे झाकले गेले, तर दंडाचा प्रश्न दुय्यम ठरतो, कारण अंधारात मागून येणाऱ्या ट्रकचालकाला पुढे गाडी आहे हेच कळत नाही. इटली आणि स्पेनमध्ये अशा बाहेर आलेल्या ओझ्यावर 50 सेंटिमीटरची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची चौकोनी पाटी लावावी लागते. आपल्याकडे ट्रकच्या मागे लावतात ती परावर्तक टेप दोन्ही सायकलींच्या मडगार्डला आणि कॅरिअरच्या टोकांना चिकटवली, तरी बरेच साधते.

राहिली आतली जागा, जी दिसायला सर्वांत ओबडधोबड आणि हिशेबाने सर्वांत चोख आहे. ब्रिटनमध्ये अनेक कॅरॅव्हॅनवाले कॅरिअरच्या भानगडीत न पडता सायकली आतल्या मोकळ्या वाटेत, आसाच्या वर, जुन्या ब्लँकेटवर ठेवतात. आपल्याकडे जुन्या गोधड्या त्यासाठी आयत्याच असतात. पेडल काढून ठेवले, हँडल वळवले आणि पुढचे चाक सोडवले तर दोन सायकली बिछान्यांमधल्या वाटेत मावतात. देशी सायकलीचे चाक नटाने आवळलेले असल्याने ते सोडवायला पाना लागतो एवढेच. मात्र आत ठेवली म्हणजे बांधायची गरज नाही असे नव्हे. जोरात ब्रेक लावला की वीस किलोची सायकल पंधरा-सोळा किलोच्या जोराने पुढे सरकते, आणि टक्कर झाली तर हा जोर कित्येक पटींनी वाढतो. म्हणून जमिनीत दोन कड्या बसवून फ्रेम खाली आवळलीच पाहिजे, आणि मोटर कॅरॅव्हॅनमध्ये जेथे सायकली ठेवल्या आहेत त्यांच्या मागच्या बाजूच्या सीटवर प्रवासात कोणी बसलेले नसावे, पुढच्या बाजूला तर नसावेच.

बाहेर कॅरिअर लावून निघालेल्यांनी पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून सगळे नट पुन्हा आवळावेत, कारण नवा रंग दबून नट सैल होण्याची तीच वेळ असते. नायलॉकचे, म्हणजे सहज सैल न होणारे, नट वापरले असतील तर हे काम कमी राहते. भिलाईहून जगदलपूरचा रस्ता सुमारे 300 किलोमीटरचा आहे आणि त्यातला केशकाल घाट कांकेरनंतर लागतो. घाट चढण्यापूर्वी कांकेरला चहासाठी गाडी थांबते तेव्हा सायकल दोन्ही हातांनी हलवून पाहावी, वेल्डच्या कडेने बोट फिरवावे, आणि तेथे रंगाला केसाएवढी जरी चीर दिसली तरी सायकली उतरवून आतल्या वाटेत गोधडीवर निजवाव्यात. त्या रात्री कुटुंबाला झोपायला जागा थोडी कमी पडेल, आणि मुले त्याबद्दल तक्रार करतीलच.